चिंचोक्यापासून बोन्साय करताना या चुका टाळा

'बोन्सायचे बी' अशा नावाने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या पाकिटांवर पैसे घालवणे ही पहिली चूक होय. बोन्सायचे वेगळे असे बी नसतेच. ज्या चिंचोक्यातून रस्त्याकडेचा भलाथोरला वृक्ष उभा राहतो, त्याच चिंचोक्यातून कुंडीतला वृक्षही घडतो आणि त्याला लहान ठेवते ती छाटणी, मुळांवरील काम व कुंडीची मर्यादा. उन्हाळ्याच्या तोंडावर घरोघरी चिंच फोडताना निघणारे ताजे चिंचोके यासाठी उत्तम असतात. बाजारातून खाण्यासाठी आणलेले चिंचोके मात्र पुष्कळदा भाजलेले असतात. ते उगवणार नाहीत, आणि दोष उगाच मातीला दिला जातो.

ताजा चिंचोकाही कधी कधी उगवत नाही, कारण त्याच्या टणक टरफलातून पाणी आत शिरत नाही. चिंचोक्याची निमुळती कड सोडून रुंद बाजू काचकागदावर घासावी आणि तपकिरी चकाकी जाऊन आतला पांढुरका भाग जेमतेम दिसू लागताच थांबावे. त्यानंतर चिंचोके रात्रभर कोमट पाण्यात भिजवावेत. सकाळी जे फुगलेले दिसतील ते दीड-दोन सेंटीमीटर खोल पेरावेत आणि जे होते तसेच राहिले असतील ते पुन्हा थोडे घासावेत. पुणे-नाशिककडच्या थंडीत उगवण रेंगाळते, म्हणून पेरणी मार्च ते जुलै या काळात केलेली बरी. कोंब वर आल्यावर बीजदलांना टरफल चिकटून राहिले असेल, तर ते ओढून काढू नये. पाण्याचे दोन थेंब टाकून ते आपोआप सुटू द्यावे.

रोप वर वीतभर दिसत असते, तेव्हा त्याचे सोटमूळ बहुधा कुंडीच्या तळाला टेकलेले असते. ते तसेच वाढू दिले, तर पुढे उथळ कुंडीत बसवताना जाड मूळ कापण्याची पाळी येते आणि तोवर बुंध्याभोवती बाजूची मुळे फारशी तयार झालेली नसतात. बियांपासून सुरुवात करण्याचा खरा लाभ हाच, की हे काम मूळ कोवळे असतानाच करता येते. तरीही बहुतेक जण नेमके तेच टाळतात. बीजदलांनंतरची चार-सहा खरी पाने आल्यावर, शक्यतो पावसाळी हवेत, माती चांगली भिजवून रोप अलगद उचलावे, स्वच्छ धारदार कात्रीने सोटमुळाचा खालचा साधारण अर्धा भाग कापावा आणि बाजूची बारीक मुळे चहूकडे पसरवून रोप पुन्हा लावावे. पुढचे दोन आठवडे ते सावलीत ठेवावे. पाने मलूल दिसली, तरी घाबरून खत घालू नये. कापलेल्या मुळांना ते सोसत नाही.

सर्वांत मोठी चूक आहे ती रोपाला लगेच ट्रेमध्ये, म्हणजे बोन्सायच्या उथळ कुंडीत, बसवण्याची. पेन्सिलीएवढे खोड सुंदर ट्रेमध्ये लावले, की ते वर्षानुवर्षे पेन्सिलीएवढेच राहते, कारण खोड जाड होते ते भरपूर पाने आणि मोकळी मुळे यांच्या जोरावर. किमान चार-पाच वर्षे रोप जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत वाढवावे. जमिनीत लावताना मुळांखाली एखादी फरशी ठेवली, तर ती खाली न जाता आडवी पसरतात. या काळात दर आठवड्याला शेंडे खुडणे हेही चुकीचेच. उलट बुंध्याजवळची एखादी फांदी मुद्दाम मोकाट वाढू द्यावी आणि बुंधा हवा तेवढा भरला की ती कापून टाकावी.

नुसती काळी माती वापरल्यास पाणी साचून मुळे कुजतात. त्याऐवजी जाड वाळू किंवा वीटचुरा निम्म्याहून अधिक घेऊन त्यात थोडे कुजलेले शेणखत मिसळावे. वरची माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नये. चिंचेची पाने संध्याकाळी मिटतात, हा तिचा स्वभावच आहे. त्या वेळी पाण्याची झारी घेऊन धावण्याची गरज नाही. भर दुपारी पाने मिटलेली दिसली, तर मात्र आधी मातीत बोट घालून ओल पाहावी. रोप बैठकीच्या खोलीत ठेवल्यास ते उजेडाच्या शोधात लांबुळके होते आणि कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण ही कीड येण्याची भीतीही वाढते.

फांदीला आकार देण्यासाठी गुंडाळायच्या तारेच्या बाबतीत दोन्ही टोकांच्या चुका होतात. चिंचेची पक्की झालेली फांदी वाकवताना कडकन मोडते, म्हणून अ‍ॅल्युमिनियमची तार फांदी कोवळी असतानाच गुंडाळावी. पण पावसाळ्यात फांदी इतक्या झपाट्याने जाड होते, की काही आठवड्यांतच तार सालीत रुतू लागते आणि तो वळ वर्षानुवर्षे जात नाही. दर आठवड्याला पाहणी करून, तार सालीला घट्ट बसू लागताच ती न उलगडता तुकडे करून काढावी.