डुकरांच्या उवा: दुसरं इंजेक्शन चुकवू नका

खानदेशात थंडी पडली की डुकरं एकमेकांना चिकटून झोपतात आणि उवा झपाट्याने पसरतात. डुक्कर भिंतीला अंग घासत असेल तर कानाच्या आत, मानेच्या घडीत, जांघेत बघा. ऊ चांगली ५-६ मिलिमीटरची, राखाडी-तपकिरी, सहज दिसते. केसाच्या बुडाशी पांढुरक्या लिखा चिकटलेल्या असतात.

सगळा घोळ या लिखांचा. आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनने उवा मरतात, लिखा नाही. त्या १२ ते २० दिवसांत फुटतात. म्हणून साधारण १४ दिवसांनी दुसरा डोस द्यायचाच. खाज थांबली म्हणून बरेच जण तो टाळतात, आणि महिन्याभरात पुन्हा तेच. डोस वजनावर ठरतो, तो पशुवैद्यकाकडूनच घ्या. एकही जनावर न सोडता सगळ्यांना एकाच दिवशी द्या. बाटलीवर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय डुक्कर कापायला विकू नका.

अंगाबाहेर ऊ दोन-तीन दिवसच जगते. केळीच्या वाळल्या पानांचं अंथरूण त्याच दिवशी काढून जाळा. गाभण मादीला विण्याआधीच औषध द्या, नाहीतर पिलांना तिच्याकडूनच उवा लागतात. बाजारातून आणलेलं डुक्कर दोन्ही डोस होईपर्यंत वेगळं बांधा.