आधारची प्रत देताना आणि घेताना

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देण्यात आले. आज भाड्याचे घर, लॉजमधील खोली, शिकवणीचा प्रवेश अशा कोणत्याही कामासाठी आधारची झेरॉक्स मागितली जाते आणि आपण ती विचार न करता देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो हक्क रोजच्या व्यवहारात जपायचा असेल, तर सुरुवात या झेरॉक्सपासून करावी.

प्रत मागितली गेली की ती कशासाठी हवी आहे आणि मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना चालेल का, हे आधी विचारावे. बहुतेक ठिकाणी केवळ ओळख पटवायची असते, त्यामुळे दुसरे ओळखपत्र पुरते.

आधारच द्यायचे असेल, तर पहिले आठ अंक झाकलेली ‘मास्क्ड’ प्रत द्यावी. ‘माय आधार’ या सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून प्रवेश करावा व आधार डाउनलोड करताना मास्क्ड प्रतीचा पर्याय निवडावा. फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि त्यापुढे जन्मवर्ष. सायबर कॅफेत हे काम केल्यास फाइल तेथील संगणकावरून काढून टाकावी आणि लॉग आउट करूनच उठावे. छापलेल्या प्रतीवर ती कोणाला, कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेला दिली हे आडवे लिहून सही करावी.

अंक झाकण्याचे कारण नीट समजून घ्यायला हवे. आधारशी जोडलेल्या बँक खात्यातून बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढ्यावर पैसे काढता येतात. त्यासाठी ओटीपी लागत नाही. नोंदणीकृत दस्तांवरील ठसे उचलून, त्यांचे सिलिकॉनचे साचे करून लोकांची खाती रिकामी केल्याचे प्रकार अनेक राज्यांत उघडकीस आले आहेत. एटीएम कार्ड हरवले तर बँक नवे देते, ठशांच्या बाबतीत ती सोय नाही. म्हणून ‘माय आधार’ संकेतस्थळावरून बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद, लॉक करून ठेवावे. मात्र घरातील वृद्ध आईवडील रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य घेत असतील, तर त्यांना न सांगता लॉक लावू नये, कारण त्यांचा अंगठा यंत्र स्वीकारणार नाही आणि त्यांना रिकाम्या पिशवीने परतावे लागेल. गरजेच्या वेळी लॉक थोड्या वेळापुरते उघडता येते, ते कोणी उघडून द्यायचे हे घरात ठरवून ठेवावे.

प्रती गोळा करणाऱ्यांची जबाबदारी माझ्या मते याहून मोठी आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. गृहनिर्माण सोसायटीचे सचिव, घरमालक किंवा शिकवणीचालक असाल, तर भाडेकरूंची व मुलांची आधारकार्डे व्हॉट्सॲप समूहावर मागवू नका. समूहातील प्रत्येकाच्या फोनमध्ये ती उतरतात आणि नंतर परत घेता येत नाहीत. ओळख पाहून नोंदवहीत नाव लिहिणे पुरेसे असेल, तर प्रत ठेवूच नका. ठेवावीच लागली, तर ती कुलपात ठेवा आणि काम संपल्यावर फाडून नष्ट करा, रद्दीत घालू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे: हेतू सांगून संमती घ्यावी आणि त्या हेतूला लागेल तेवढीच माहिती घ्यावी.

आधार कोठे वापरले गेले याचा इतिहास ‘माय आधार’वर दिसतो. महिन्यातून एकदा तो पाहावा आणि अनोळखी नोंद दिसल्यास आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर कळवावे. खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्वरित तक्रार करून बँकेलाही लेखी कळवावे आणि तिची पोच घ्यावी.