चाकं बदलायचा सराव ठाण्यातच करून निघा

मागच्या जुलैत महिनाभर ठाण्याला नौपाड्यात माहेरी होते. भाचा सप्टेंबरात नोकरीसाठी कॅनडात मॉन्ट्रियलला, म्हणजे माझ्याच शहरात, येणार होता. घरात याद्या चालल्या होत्या: थर्मल, कुकर, गोडा मसाला, भाजणी. एका संध्याकाळी मी त्याला बिल्डिंगखाली नेलं, त्याच्या बाबांच्या जुन्या वॅगन-आरची डिकी उघडायला लावली आणि म्हटलं, “काढ ती स्टेपनी. पुढचं डावं चाक बदल.”

पोरगा चार वर्षं गाडी चालवतोय, पण जॅक कुठे ठेवलेला असतो ते त्याला माहीत नव्हतं. वॉचमनकाका लगेच आले. “ताई, कशाला हात काळे करता? नाक्यावरून पंक्चरवाल्याला बोलावतो की.”

खरी अडचण हीच आहे. आपल्याकडे नाक्यावर माणूस असतो. तिकडे थंडीत वेगळे, हिवाळी टायर लावावे लागतात आणि ती संपली की पुन्हा नेहमीचे. पहिला बर्फ पडला की त्यासाठी प्रत्येक गॅरेजला रांग लागते, अपॉइंटमेंट दोन-तीन आठवड्यांनंतरची मिळते, आणि वर्षातून दोनदा चाकं बदलायची म्हणजे दोनदा मजुरी. मी सोळा वर्षांपूर्वी गेले तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं.

“मी घोडबंदर रोडला जुलैत गाडी चालवलीय, मला काय होणार,” असं प्रत्येक ठाणेकर म्हणतो. मीही म्हणाले होते. पण पाण्यावर घसरणं वेगळं आणि गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक दाबूनही गाडी शांतपणे पुढे सरकत राहणं वेगळं. साधारण 7 अंश सेल्सियसच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि पकड जाते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. डिसेंबरच्या पहाटे उपवन तलावावर आपण शाल लपेटून फिरतो ना, ते तापमान टायरच्या हिशेबात उन्हाळाच. क्युबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियलच्या प्रांतात, तर 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. शेजारच्या ऑन्टारिओत सक्ती नाही, पण असे टायर लावले तर विमा कंपनीला हप्त्यात सवलत द्यावी लागते. ती मागून घ्या, आपणहून कोणी आठवण करत नाही.

घेताना टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह आहे का बघा. नुसतं ‘एम प्लस एस’ (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरत नाही. आणि चारही घ्या. पैसे वाचवायला पुढचे दोनच बदलले तर वळणावर पुढचा भाग रस्ता धरतो आणि मागचा भाग फुगडी घालतो.

माझा खरा आग्रह मात्र रिमसकट चाकं घेण्याचा. टायर तेवढे घेतले तर दर हंगामाला ते रिमवरून उतरवा, चढवा, बॅलन्सिंग करा, आणि त्याला मशीनच लागतं. साध्या स्टीलच्या रिमवर बसवून, बॅलन्स करून घेतलेला संच असला की काम फक्त नट खोलायचं आणि आवळायचं उरतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच घ्या, तेव्हा मापं मिळतात.

माप ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. माझ्या जुन्या होंडा सिव्हिकचं होतं 205/55 आर 16. म्हणजे रुंदी 205 मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या 55 टक्के, रिम 16 इंची. सेकंडहँड संच घेताना टायरवर ‘डॉट’ (DOT) अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. 3521 असेल तर 2021 सालचा पस्तिसावा आठवडा. खाचा भरपूर खोल असल्या तरी आठ-दहा वर्षांचं रबर कोणी फुकट दिलं तरी नको.

रिमचं प्रकरण जरा किचकट आहे, आणि मी फसले तेही इथेच. नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास जुळायला हवा. सिव्हिकला पाच नट आणि 114.3 मिलिमीटर. मधलं भोक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्यावर, नीट बसायला हवं. मोठं असेल तर मधे बसवायच्या रिंगा मिळतात. एवढं सगळं जुळवून मी एका घरगुती विक्रेत्याकडून संच घेतला, खूश होऊन स्वतः लावला, गाडीचेच मूळ नट वापरून. दुसऱ्या दिवशी साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं. वरच्या मजल्यावरच्या एका मराठी काकांनी एक नट काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “याचं बूड बघ आणि रिमचं भोक बघ.” होंडाच्या मूळ नटाचं बूड गोल असतं, दुसऱ्या कंपनीच्या रिमची भोकं बहुधा निमुळती. नट आवळल्यासारखे वाटत होते, पण टेकले होते जेमतेम कडेवर. नवे निमुळते नट फार महाग नव्हते. ते न घेता मी हायवेवर गेले असते तर काय झालं असतं, ते आईला अजून सांगितलेलं नाही.

आता परत नौपाड्यात. सपाट जागा, हँडब्रेक, तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला वीट. नट आधी थोडे सैल करायचे, मग जॅक. भाच्याने उलटं केलं, हवेत चाक गरगर फिरायला लागलं आणि वॉचमनकाकांना फार आनंद झाला. जॅक गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावायचा, गाडीखाली हातपाय घालायचे नाहीत. काढलेलं चाक गाडीच्या दाराखालच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवायचं. जॅक सटकलाच तर गाडी त्यावर बसते. तिकडे मिठामुळे रिम हबला गंजून चिकटतं. तेव्हा दोन नट थोडे सैल ठेवून टायरला टाचेने आलटून पालटून लाथा. मग हबचा गंज तारेच्या ब्रशने घासायचा. नवं चाक चढवल्यावर नट आधी हातानेच चार-पाच आटे फिरवायचे, एक सोडून एक या क्रमाने. चाक जमिनीला टेकलं की शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने. सिव्हिकला 108 न्यूटन मीटर, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पान्यावर उभं राहून आवळायचं नाही. वॅगन-आरचा एक नट कोणीतरी तसाच आवळला होता, तो सोडवायला आम्हा दोघांना लटकावं लागलं.

टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाळा. हवा थंड टायरमध्ये मोजा. तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण 1 पीएसआय कमी होते, म्हणून पहिल्या कडाक्यात डॅशबोर्डवर दिवा लागला तर घाबरू नका, हवा भरा. 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा रेंचने तपासा. काढलेल्या चाकांवर खडूने पुढचं डावं, मागचं उजवं असं लिहून ठेवा.

भाच्याला पहिलं चाक बदलायला पाऊण तास लागला. निघायच्या आधीच्या रविवारी त्याने पुढची-मागची चाकं आपसांत बदलली, सव्वा तासात, भर पावसात स्टिल्टखाली. वीट वॉचमनकाकांनीच लावली, आणि नट मोजायचं कामही स्वतःकडे घेतलं.