एकच प्रत, दोन गिऱ्हाइकं

जुन्या पुस्तकांचं दुकान उघडून चार महिने झाले होते. एका संध्याकाळी एका आजोबांनी पक्ष्यांवरचं जाडजूड पुस्तक काउंटरवर ठेवलं, पैसे दिले आणि पिशवीत घालून घेऊनही गेले. रात्री लॅपटॉप उघडतो तर तेच पुस्तक दुपारी साडेतीनला ऑनलाइन विकलं गेलेलं. नव्या पुस्तकांचा दुकानदार अशा वेळी वितरकाला फोन करून दुसरी प्रत मागवतो. माझ्याकडे होती ती एकच. माफी मागितली, पैसे परत केले, तरी रद्द ऑर्डरचा शेरा खात्यावर लागायचा तो लागलाच.

दुकान आणि ऑनलाइन दोन्ही एकदम सुरू करणाऱ्यांना म्हणून हे आधीच सांगतो: ऑनलाइन टाकलेलं पुस्तक गिऱ्हाइकाच्या हाताला लागेल अशा कपाटात ठेवू नका. माझी ऑनलाइनची कपाटं आता आतल्या खोलीत आहेत. तिथे विषयवारी नाही. पुस्तक ज्या क्रमाने यादीत चढलं, त्याच क्रमाने फळीवर. १८४१ नंबरला कवितासंग्रह असेल आणि १८४२ ला पंपदुरुस्ती. दिसायला विचित्र, पण ऑर्डर आली की अर्ध्या मिनिटात पुस्तक हातात. नंबर शेवटच्या कोऱ्या पानावर मऊ पेन्सिलीने लिहायचा. कव्हरवर स्टिकर लावलंत तर ते काढताना कव्हराचा पापुद्राही निघतो.

कुठलं पुस्तक कुठे, याचं गणित हळूहळू बसतं. चाळता चाळता आवडून जाणारी पुस्तकं दुकानात: कादंबऱ्या, बालवाङ्मय, चित्रांची मोठी पुस्तकं. नाव टाकून कुणी शोधेल अशी ऑनलाइन: छपाई बंद झालेली, एखाद्या आडविषयावरची, संचातला हरवलेला तिसरा खंड. तो तिसरा खंड दुकानात दहा वर्षं पडून राहील.

यादीत चढवताना सगळे आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकावर, भिस्त ठेवतात. ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक झाली १९७० साली, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकांवर हा क्रमांक सहसा नसतोच. २००७ पासून तो तेरा अंकी झाला, आधी दहा अंकी होता. दहा अंकीच्या शेवटी कधी कधी ‘एक्स’ असतो. तो म्हणजे दहा, छपाईची चूक नव्हे. पुठ्ठा बांधणीचा क्रमांक वेगळा, कागदी बांधणीचा वेगळा. नुसतं नाव बघून दुसऱ्याच प्रतीची माहिती उचललीत तर पुस्तक परत आलंच म्हणून समजा. शिवाय हा क्रमांक आवृत्ती सांगतो, मुद्रण सांगत नाही. पुनर्मुद्रणाला बहुधा तोच क्रमांक राहतो. मुद्रण कळायला शीर्षकपानाची मागची बाजू वाचायची. काही प्रकाशक तिथे एक ते दहा आकड्यांची ओळ छापतात आणि दर नव्या मुद्रणाला त्यातला एकेक लहान आकडा काढतात. त्यातला उरलेला सगळ्यात लहान आकडा म्हणजे मुद्रण कितवं ते.

सगळ्यात जास्त परतावे मला आले ते ‘चांगली’ या एका शब्दामुळे. जुन्या पुस्तकांच्या इंग्रजी दर्जांमध्ये ‘गुड’ म्हणजे वापरून झिजलेली, पण पानं सगळी असलेली प्रत. गिऱ्हाईक मात्र ‘चांगली’ वाचून चांगलीच धरतं, आणि त्याचं काय चुकलं? आता मी दर्जा नावापुरता देतो आणि दोष लिहितो: ‘कणा खालून अर्धा इंच फाटलेला, पान ४७ ते ५२ पेन्सिलीच्या खुणा, आत भेट दिल्याचा मजकूर, कडांना तांबूस ठिपके.’ प्रत्येक पुस्तक अंगठ्याने सरसर चाळतो, घडीचा नकाशा असेल तर उलगडून बघतो. आणि वास घेतो. हसू नका, फोटोत ओल दिसत नाही. दोष सविस्तर लिहायला लागल्यापासून विक्री घटली नाही, परतावे मात्र जवळपास थांबले.

किंमत ठरवताना स्क्रीनवर दिसते ती विकणाऱ्याची इच्छा, मिळालेली रक्कम नव्हे. २०११ साली माश्यांच्या जनुकशास्त्रावरच्या एका पुस्तकाची किंमत अमेझॉनवर २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर गेली होती. दोन विक्रेत्यांची सॉफ्टवेअरं एकमेकांकडे बघून रोज भाव चढवत होती. एकाचं दुसऱ्याच्या किंचित खाली, दुसऱ्याचं पहिल्याच्या सव्वापटीच्या वर. माणूस कुठेच नव्हता. तुम्ही असलं सॉफ्टवेअर लावलंत तर वरची आणि खालची मर्यादा स्वतः घाला.

खरी कमाई होते ती खरेदीत. कुणी घर रिकामं करताना बोलावतं, चारशे पुस्तकं समोर असतात, त्यातली कामाची तीस. मालक म्हणतो, सगळी न्या. मन म्हणतं, न्यावी. उरलेल्या तीनशे सत्तरांचं भाडं मग तुमच्या फळ्या भरत बसतात. मी पहिल्या वर्षी सगळं उचलून आणलं, आणि एका खोक्यातून कसर दुकानभर पसरली. आता नवा माल आधी वेगळा ठेवतो. शंका आली तर पुस्तक हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशाला आठवडाभर, आणि बाहेर काढल्यावर गारठा पूर्ण उतरेपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर पानांवर पाणी धरतं. किडे याने मरतात. बुरशी मरत नाही, नुसती झोपते. बुरशी लागलेलं मी आता फुकटही घेत नाही.

पाठवताना आधी प्लॅस्टिक, मग दोन्ही बाजूंनी पुस्तकापेक्षा थोडे मोठे पुठ्ठे. खोकं हलवून बघायचं. आत खडखडलं की कोपरे गेले.

रोज शटर ओढण्याआधी काउंटरवरच्या वहीतले नंबर ऑनलाइन यादीशी ताडतो. काल १९०७ जुळत नव्हता. वीस मिनिटं शोधलं. कुणीतरी आतल्या खोलीत बसून वाचलं होतं आणि नेऊन बालवाङ्मयात खोचलं होतं. ऑर्डर आलेली होतीच.