लिव्हर न्यूट्रलला, तरी ड्रम फिरतोय

हायड्रॉलिक विंच म्हणजे तेलाच्या दाबावर ड्रम फिरवून लोड उचलणारं यंत्र. तिचा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो, हे तुम्हाला माहीत असणारच. दाब गेला की ब्रेक लागणार, हे मलाही पाठ होतं. पण लिव्हर मध्ये, म्हणजे न्यूट्रलला, आणल्यावर दाब खरंच जातो का, हे मी कधी तपासलं नव्हतं.

खराब झालेला डायरेक्शन व्हॉल्व्ह, म्हणजे तेल कुठल्या बाजूला जाईल ते ठरवणारा, मी बदलला. पोर्ट जुळले, फिटिंग बसली. लोड उचलून लिव्हर सोडला आणि ड्रमवरची खडूची खूण हळूहळू खाली सरकायला लागली. वरिष्ठ म्हणाले, तेल पातळ झालंय. व्हीजी ४६ काढून त्याहून घट्ट ६८ भरलं. खूण सरकतच राहिली. प्रत्येक दुखण्यावर तेल बदलायला सांगणाऱ्या उस्तादांवर तेव्हापासून माझा विश्वास नाही.

शेवटी ब्रेकच्या पोर्टवर गेज लावला. लिव्हर न्यूट्रलला, तरी काटा शून्यावर येईना! नव्या व्हॉल्व्हचा स्पूल, म्हणजे आत सरकून पोर्ट उघडणारा-बंद करणारा दांडा, सिलिंडरसाठीचा होता. न्यूट्रलला तो मोटरकडे जाणारे ए आणि बी दोन्ही पोर्ट बंद करतो. मग लाइनमध्ये अडकलेला दाब शटल व्हॉल्व्हमधून (दोन लाइनींपैकी जास्त दाबाची लाइन ब्रेकला जोडणारा) ब्रेकच्या पिस्टनवर तसाच राहतो आणि ब्रेक अर्धवट सुटलेला असतो. लोड फक्त काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह (लोडच्या वजनाने तेल सुटू न देणारा) धरून ठेवतो, आणि मोटरच्या आतल्या गळतीमुळे ड्रम सरकत राहतो. विंचला मोटर स्पूलच हवा, म्हणजे न्यूट्रलला ए आणि बी दोन्ही टाकीला उघडणारा. बाहेरून दोन्ही व्हॉल्व्ह अगदी सारखे दिसतात, म्हणून आधी सिम्बॉल, म्हणजे न्यूट्रलला कुठला पोर्ट कुठे उघडतो ते दाखवणारं चिन्ह, बघा. स्पूल बरोबर असला तरी गेज लावाच, कारण टाकीकडे परतणाऱ्या तेलाचा चोंदलेला रिटर्न फिल्टरही ब्रेकवर दाब ठेवू शकतो.

केस ड्रेन, म्हणजे मोटरच्या आत गळलेलं तेल बाहेर नेणारी लाइन, टी लावून रिटर्नला जोडू नका, थेट टाकीत सोडा. होज वाचवायला केलेला हा शॉर्टकट मोटरचं शाफ्ट सील फोडतो.

तेलाचं म्हणाल तर मॅन्युअलमधला ग्रेड आणि स्वच्छता, एवढं पुरे. फक्त गाडीचं ब्रेक फ्लुइड यात चुकूनही टाकू नका, नायट्राइल रबराचे सील त्याने खराब होतात.

पहिल्यांदा सर्किट जुळवताना हात थरथरतील, माझेही थरथरले होते. घाबरू नका, गेज वाचता येतो ना, मग हे जमतं. पण काटा शून्यावर आलेला स्वतः पाहिल्याशिवाय लोडखाली कुणालाही जाऊ देऊ नका. आल्यावरही नाही.