मार्मोसेटची जोडी लावायच्या आधी

हे फक्त मार्मोसेटबद्दल, ब्राझीलच्या त्या मूठभर माकडाबद्दल. ठाण्यातल्या येऊरच्या रानातल्या माकडांना हात लावायचा नाही, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. जखमी पिल्लू सापडलं तर वनखात्याच्या १९२६ वर फोन. मार्मोसेटचीही 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर नोंद लागते आणि २०२४च्या नियमांनुसार पिल्लं झाली की तीही कळवावी लागतात. कंटाळा करू नका.

पिंजरा उंच, झोपायला लाकडी पेटी. फळं, किडे तुम्हाला माहीतच असतील. डिंक मात्र हवाच, रानात झाडाची साल कुरतडून ती तोच खातात. लाडवात घालतो तो चालतो, पण कच्चा, पाण्यात भिजवून.

आता ऊन. मागच्या वेळी मी इथेच माती खाल्ली. घोडबंदर रोडला पंधरावा मजला, हॉलमध्ये सकाळभर ऊन, म्हटलं आणखी काय पाहिजे! स्लायडिंगच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण काच अडवते. ते नाहीत तर कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि गाभण मादी स्वतःची हाडं झिजवून पिल्लांना पुरवत राहते. आषाढात जुळी झाली. श्रावणात तिला फांदीवर उडी मारवेना. एक्स-रेत मांडीचं हाड मोडलेलं. एक पिल्लू गेलंच.

म्हणून यूव्हीबी ट्यूब. काचेतलं ऊन हिशेबात धरायचंच नाही. ट्यूब जोडी लावायच्या आधी, गाभण राहिल्यावर नव्हे. बसवली ती तारीख मार्करने तिच्यावरच लिहा, कारण वर्षभराने ट्यूब पेटते तशीच, यूव्हीबी मात्र उतरलेलं असतं. डी३चे थेंब डॉक्टर सांगतील तेवढेच. जास्त झाले तर मूत्रपिंडं जातात. आणि थेंब चालू आहेत म्हणून ट्यूब काढायची नाही!

ओठावर ताप फुटलेला पाहुणा दाराबाहेर, सख्खी मावशी असली तरी. आपल्याला चार दिवसांची खपली, मार्मोसेट त्याने मरतं.

गाभणकाळ साधारण १४४ दिवस. बाळंतपण बहुधा रात्री, टॉर्च मारत बसू नका. नराला वेगळं काढू नका, पिल्लं पाठीवर तोच वागवतो. तिळी झाली तर एखादं बहुतेक वेळा जगत नाही. मादी दोन-तीन आठवड्यांत परत गाभण राहते, तेव्हा जागा आधीच बघा. रात्री येणाऱ्या डॉक्टरचा नंबर फ्रिजवर. ट्यूबवरची तारीख बघितलीत?