गडावर जायच्या आधी हँडी घरात बोलती करा

रविवारी पावसात सिंहगडावर एपीआरएस (हॅम म्हणजे हौशी रेडिओवरून आपलं ठिकाण, हवामान, छोटे निरोप पाठवायची पद्धत) चालवून बघायचंय ना? मग शनिवारी रात्री घरातच दोन हँडी, म्हणजे हातात मावणारे रेडिओ, लावा, एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात. वर धुक्यात ओल्या हातांनी केबल शोधण्यात काही मजा नाही.

हॅमचा परवाना आणि व्हीयूने सुरू होणारा कॉलसाइन (हवेतलं आपलं नाव) असल्याशिवाय पीटीटीला, म्हणजे बोलायच्या बटणाला, हात लावायचा नाही, हे सांगायला नकोच. कॉलसाइनमागचा आकडा तपासा: हँडीला ७, गाडीला ९, हवामान केंद्राला १३ अशी रीत आहे. फ्रिक्वेन्सी युरोपात १४४.८००, अमेरिकेत १४४.३९० मेगाहर्ट्झ, आपल्या गटाने कुठली धरलीय ते विचारून घ्या.

मोबाइलमधून केबलने हँडीला आवाज देताय तर व्हॉल्यूम निम्म्यावरून सुरू करा. १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर असतात; आवाज फाटला की पॅकेट (त्या सुरांत गुंफलेली माहिती) कानाला जोरदार किरकिरतं, पण स्वयंपाकघरातल्या हँडीवर काहीच उमटत नाही. मोबाइल सायलेंट ठेवा, नाहीतर रिंगटोन हवेत जायची.

खरी गडबड आकड्यांत होते. अक्षांश अंश-मिनिटांत लागतो. गडाचे १८.३६६ अंश म्हणजे १८ अंश २१.९६ मिनिटं, म्हणून १८२१.९६ भरायचं. तेच १८३६.६० भरलंत तर तुम्ही गडावर पिठलं-भाकरी खाताय आणि नकाशावर वाकडच्या आसपास उभे, २७ किलोमीटर उत्तरेला!

हवेच्या दाबाचंही तसंच. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे सेन्सर ९४५-९५० मिलिबार दाखवतो. पॅकेटमध्ये मात्र समुद्रपातळीला आणलेला आकडा जायला हवा. मागच्या वर्षी मी कच्चाच सोडला आणि कोथरूडवर चक्रीवादळ घोंघावायला लागलं. गटातले अजून चिडवतात. तापमान फॅरनहाइटमध्ये जातं. घरच्या थर्मामीटरवर २५ असेल तर पॅकेटात ७७ दिसलं पाहिजे.

निरोप ६७ अक्षरांत बसवा, तोही रोमन लिपीत. 'खडकवासल्याकडे जोराचा पाऊस' एवढं पुरे, विशेषणं घरी ठेवा. पोचपावती आली का बघा. ठिकाण चालताना दोन मिनिटांनी, हवामान दहा मिनिटांनी. सगळ्यांची फ्रिक्वेन्सी एकच आहे, वाट अडवू नका.

जादा बॅटरी, पॉवर बँक, झिपची पिशवी घ्या. वर पोचल्यावर पहिलं पॅकेट सोडण्याआधी पाच मिनिटं नुसतं ऐका.